बोटीवर जायचंय? पैसे भरण्याआधी कागदांची साखळी तपासा

कोकणात आणि गोव्यात बोटीवर गेलेला माणूस नवा नाही. अनेक घरांत आजोबा इंजिनात किंवा जेवणाच्या सलूनवर होते, मामा आजही टँकरवर आहे. तरीही याच घरांतली मुलं एजंटाच्या नादी लागतात, आईचे दागिने गहाण पडतात आणि हातात येतं ते कुठल्या तरी देशाच्या नावाचं खलाशाचं बनावट पुस्तक. याचं मुख्य कारण असं की बोटीवर पोचायला लागणारा कोणता कागद कोण देतं आणि तो कोणत्या क्रमाने मिळतो, हे घरात कुणी नीट सांगितलेलं नसतं. मामा चढला तेव्हाचे नियम आता राहिलेले नाहीत.

आजची व्यवस्था किचकट वाटते, पण तिच्यात एक मोठी सोय आहे. प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो आणि महत्त्वाचे बहुतेक कागद सरकारी नोंदींत घरबसल्या तपासता येतात. ही तपासणी स्वतः केली तर फसवणुकीच्या बहुतेक वाटा तिथेच बंद होतात.

नियम कोणाचे, अंमल कोणाचा

जगभरच्या खलाशांच्या प्रशिक्षणाचे किमान निकष एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय करारात आहेत. हा करार १९७८ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत, म्हणजे आयएमओमध्ये झाला. त्यात १९९५ साली आणि पुन्हा २०१० साली मनिला इथे मोठे बदल झाले. त्या बदलांमागे अपघात आहेत. १९९० साली स्कँडिनेव्हियन स्टार या प्रवासी जहाजाला आग लागली आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. क्रूला आपल्याच जहाजाची नीट ओळख नव्हती, हे तेव्हा पुढे आलं. आज स्वयंपाकघरात काम करणाऱ्यालाही आग विझवण्याचा कोर्स करावा लागतो, त्यामागे असे अनुभव आहेत.

भारतात हे निकष राबवण्याचं काम नौवहन महासंचालनालय करतं. सगळे त्याला डीजी शिपिंग म्हणतात. त्याचं मुख्यालय मुंबईत कांजूरमार्गला आहे. त्याच्या हाताखाली दोन खाती येतात, त्यांची गल्लत करू नका. शिपिंग मास्तरचं कार्यालय सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक देतं, तर मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंट, म्हणजे एमएमडी, अधिकाऱ्यांच्या परीक्षा घेतं आणि सर्टिफिकेट देतं. कायदा १९५८चा मर्चंट शिपिंग अॅक्ट होता. २०२५ साली संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यामुळे नियम, फॉर्म आणि फी यांबाबत जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका, डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावरचं ताजं परिपत्रकच पाहा.

पहिली पायरी: आधी डॉक्टर, मग कोर्स

बहुतेक जण उलट करतात. कोर्सची फी भरतात आणि नंतर डोळ्यांच्या तपासणीत अडकतात. डेकवर, म्हणजे बोट चालवणाऱ्या विभागात जायचं असेल तर चष्म्याशिवाय नजर उत्तम हवी आणि रंग अचूक ओळखता आले पाहिजेत. रात्री समोरच्या बोटीचा लाल दिवा दिसतोय की हिरवा, यावर ती कोणत्या बाजूने चालली आहे हे ठरतं, म्हणून इथे सूट मिळत नाही. इंजिन विभागात ठरावीक नंबरपर्यंत चष्मा चालतो. रंगांधळेपणा अनेकांना माहीतच नसतो, तो या तपासणीतच कळतो.

तपासणी डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडेच करावी लागते. त्यांची यादी संकेतस्थळावर आहे. ओळखीच्या फॅमिली डॉक्टरचा दाखला इथे चालत नाही. मेडिकल सर्टिफिकेट जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं आणि वय १८च्या आत असेल तर एकच वर्ष.

दुसरी पायरी: आपली वाट ठरवा

दहावी झालेल्यांसाठी जीपी रेटिंगचा, म्हणजे डेक आणि इंजिन दोन्हीकडे काम करणाऱ्या साध्या खलाशाचा, सहा महिन्यांचा निवासी कोर्स आहे. दहावीला गणित-विज्ञान हवं, एकूण आणि इंग्रजीत किमान ४० टक्के लागतात, वय साधारण साडेसतरा ते पंचवीस. कोर्सच्या शेवटी खलाशांच्या परीक्षा घेणाऱ्या बीईएस ट्रस्टची अखिल भारतीय परीक्षा असते. नुसतं संस्थेचं सर्टिफिकेट पुरेसं नाही. खानपान विभागासाठी असाच सीसीएमसी नावाचा कोर्स आहे.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून ६० टक्के असतील तर अधिकाऱ्याची वाट खुली होते. एक वर्षाचा नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा, म्हणजे डीएनएस, तीन वर्षांची नॉटिकल सायन्सची बीएस्सी किंवा चार वर्षांचं मरीन इंजिनिअरिंग. त्यासाठी भारतीय सागरी विद्यापीठाची सीईटी द्यावी लागते. हे केंद्रीय विद्यापीठ २००८ साली स्थापन झालं, मुख्यालय चेन्नईला आहे आणि नवी मुंबईतलं टी. एस. चाणक्य त्याच्याच अखत्यारीत येतं. चाणक्यची परंपरा १९२७ साली मुंबई बंदरात सुरू झालेल्या डफरिन या प्रशिक्षण जहाजापर्यंत जाते, म्हणजे आपल्या दाराशी जवळजवळ शंभर वर्षांची शाळा आहे. मेकॅनिकल इंजिनिअरना मरीन इंजिनिअर होण्यासाठी एक वर्षाचा जीएमई, तर इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना ईटीओचा, म्हणजे बोटीवरच्या विद्युत अधिकाऱ्याचा सुमारे चार महिन्यांचा कोर्स आहे. मुलींना वयात आणि इंग्रजीच्या गुणांत सवलत मिळते, तेव्हा "हे मुलांचंच क्षेत्र" म्हणून कुणी अडवलं तर ऐकू नका.

डीएनएस घेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कोर्सनंतर कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी म्हणून १८ महिने बोटीवर काढल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही आणि खरी टंचाई कॅडेटच्या जागांची असते. त्यामुळे शिपिंग कंपनीची स्पॉन्सरशिप हातात असताना प्रवेश घेणं शहाणपणाचं. कंपन्या त्यासाठी स्वतःच्या परीक्षा आणि मुलाखती घेतात आणि त्यांची जाहिरात त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येते. "आधी कोर्स करा, बोट आम्ही बघतो" असं तोंडी आश्वासन देणाऱ्या संस्थेत माझ्या ओळखीच्या मुलाला मी पाठवणार नाही.

तिसरी पायरी: इंडॉस नंबर

इंडॉस ही भारतीय खलाशांची राष्ट्रीय नोंद. दोन आकडे, दोन अक्षरं, पुन्हा चार आकडे असा हा नंबर जन्मभर तुमचा असतो आणि कोर्स, सीडीसी, सी टाइम (बोटीवर काम केलेला काळ) सगळं त्याला जोडलं जातं. अर्ज ऑनलाइन आहे. दहावीच्या सर्टिफिकेटवर, पासपोर्टवर आणि अर्जात नाव एकाच स्पेलिंगचं हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधे येतं, कधी येत नाही, आडनावाचं स्पेलिंग शाळेत एक आणि आधारवर दुसरं असतं. ही तफावत अर्ज करण्याआधीच दुरुस्त करून घ्या, नंतर प्रत्येक पायरीवर ती आडवी येते.

अर्ज स्वतः भरा. ईमेल आणि मोबाइल नंबर स्वतःचाच द्या आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा. एजंट त्याचा ईमेल टाकून खातं उघडतो आणि मग तुमच्याच नोंदी बघायला तुम्हाला त्याच्या पाया पडावं लागतं.

चौथी पायरी: संस्था आणि कोर्स

डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांची यादी आहे. पण संस्थेचं नाव यादीत दिसलं म्हणून थांबू नका. मान्यता प्रत्येक कोर्ससाठी वेगळी असते आणि किती विद्यार्थी घ्यायचे हेही ठरलेलं असतं. एखाद्या संस्थेला अग्निशमनाच्या कोर्सची मान्यता असेल आणि जीपी रेटिंगची नसेलही. म्हणून तीन गोष्टी जुळवून पाहा: संस्थेचा मान्यता क्रमांक, नेमका कोर्स आणि यादीतला पत्ता. पत्ता जुळला नाही तर तिथून परत फिरा; नावाजलेल्या संस्थेचं नाव सांगून दुसऱ्याच गाळ्यात फी घेणारे लोक आहेत. संस्थांची तपासणी होऊन त्यांना श्रेणीही मिळते, तीही बघा आणि फी संस्थेच्या बँक खात्यातच भरा.

कोणत्याही विभागात जा, पाच मूलभूत कोर्स सुटत नाहीत. समुद्रात जीव वाचवण्याचा पीएसटी, आगीसाठी एफपीएफएफ, प्रथमोपचाराचा ईएफए, सुरक्षा आणि जबाबदाऱ्यांचा पीएसएसआर आणि जहाजाच्या संरक्षणाचा एसटीएसडीएसडी. बोटीवर चढण्याआधीच्या मोठ्या, म्हणजे प्री-सी कोर्सेसमध्ये हे बहुधा धरलेले असतात, फी दुसऱ्यांदा भरण्याआधी तेवढं विचारून घ्या.

संस्था खरंच शिकवते की नाही हे ओळखायला पीएसटी हा उत्तम मासला आहे. एसटीसीडब्ल्यू करारातच लिहिलं आहे की उमेदवाराने काय करून दाखवायचं. लाइफजॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायची: एका हाताने नाक-तोंड झाकायचं, दुसऱ्या हाताने जॅकेट खाली ओढून घट्ट धरायचं, कारण तसं न करता उडी मारली तर पाणी लागताच जॅकेट वर उसळून हनुवटीला फटका बसतो. मग उलटा पडलेला लाइफराफ्ट सरळ करायचा. राफ्टच्या तळाला पट्टे असतात, ते धरून वर चढायचं आणि वारा ज्या बाजूने येतो तिकडे तोंड करून अंग मागे टाकायचं, की राफ्ट उलटून अंगावर येतो आणि त्याच्याखालून पाठीवर पोहत बाहेर पडायचं. जॅकेटशिवाय तरंगायचं, पाण्यातून राफ्टमध्ये चढायचं, समुद्री नांगर सोडायचा. हे सगळं तुम्ही प्रत्यक्ष पाण्यात केलं नसेल आणि तरी हातात सर्टिफिकेट आलं असेल, तर ते सर्टिफिकेट तुमचा जीव वाचवणार नाही. तसंच अग्निशमनाचं. श्वसनयंत्र पाठीवर घेऊन धुराने भरलेल्या खोलीत शिरल्याशिवाय तो कोर्स झाला म्हणू नये.

"या नको, सर्टिफिकेट घरी पाठवतो" म्हणणारे भेटतात. नियमात हा गुन्हा आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे आग लागेल तेव्हा ज्याच्या भरवशावर बाकीचे वीस जण असतील तो तुम्हीच असाल.

पहिल्या बोटीआधी टँकरचे, प्रवासी जहाजांचे असे जादा कोर्स ढीगभर करू नका. कंपनी ठरली, बोटीचा प्रकार ठरला, की जे लागतील तेवढेच करा.

पाचवी पायरी: सीडीसी आणि बायोमेट्रिक ओळखपत्र

सीडीसी हे खलाशाचं पुस्तक. कोणत्या बोटीवर कधी साइन ऑन झालात आणि कधी साइन ऑफ, याची नोंद त्यात होते. मुंबई, कोलकाता आणि चेन्नईच्या शिपिंग मास्तरांकडून ते मिळतं, अर्ज ऑनलाइन असतो आणि पुस्तक दहा वर्षं चालतं. एक गैरसमज मात्र घट्ट रुजला आहे. सीडीसी म्हणजे नोकरी नव्हे, आणि लायकीचं सर्टिफिकेटही नव्हे. "सीडीसीसकट बोट" असं पॅकेज विकणारा माणूस सरकारच्या ऑनलाइन अर्जाचे पैसे लावत असतो.

अमुक देशाची सीडीसी चार दिवसांत मिळेल, असंही आमिष दाखवतात. परदेशी झेंड्याच्या बोटीवर त्या देशाचं पुस्तक किंवा मान्यतापत्र खरंच लागू शकतं, पण ते भारतीय कागदांच्या आधारावर, कंपनीमार्फत निघतं. भारतीय प्रशिक्षण नसताना नुसतं परदेशी पुस्तक घेऊन निघालेला मुलगा पुढच्या बंदरातल्या तपासणीत पकडला जाऊ शकतो.

बीएसआयडी हे बायोमेट्रिक ओळखपत्र २०२० सालापासून मिळतं. केंद्रं मुंबईत आणि गोव्यातही आहेत. सीडीसी मिळाली की तेही काढून ठेवा.

सहावी पायरी: बोट देणारा कोण?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बहुतेक घरं इथेच बुडतात.

भारतातून खलाशी भरती करायला डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना लागतो. परवान्याचा नंबर असतो, मुदत असते आणि चालू परवान्यांची यादी संकेतस्थळावर असते. परवाना स्थगित किंवा रद्द झालेल्यांची नोंदही मिळते. बेलापूर, नेरूळ, खारघर भागात चांगल्या कंपन्यांची कार्यालयं आहेत आणि भुरट्यांचीही आहेत. काचेचं केबिन, भिंतीवर जहाजांची चित्रं आणि पांढऱ्या गणवेशातला माणूस यांवरून काहीच कळत नाही.

पैशांचा नियम अगदी सरळ आहे. सागरी कामगार करार, म्हणजे एमएलसी २००६, भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार नोकरी देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. मेडिकल, सीडीसी आणि पासपोर्ट एवढाच खर्च खलाशाचा. व्हिसाचा खर्चसुद्धा त्याच्यावर टाकता येत नाही. म्हणजे सर्व्हिस चार्ज, डिपॉझिट, जॉइनिंग फी, "कॅप्टनला द्यावे लागतात" हे सगळं बेकायदा आहे, मग मागणारा परवानाधारक असो वा नसो. क्रूझवर हॉटेल विभागात जाणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.

ऑफर लेटर हातात आलं की असं तपासा. वर आरपीएसएल नंबर आहे का? तो सरकारी यादीत शोधा आणि कंपनीचं नाव, पत्ता, फोन तिथून घ्या, पत्रावरचा नंबर वापरू नका. यादीतल्या नंबरवर फोन करून विचारा की या नावाचं पत्र तुम्हीच दिलंय का. खऱ्या कंपनीच्या नावाचं खोटं पत्र छापणं हा जुना धंदा आहे. मग बोटीचा सात आकडी आयएमओ नंबर बघा. नाव बदलतं, झेंडा बदलतो, हा नंबर बोटीला जन्मभर चिकटलेला असतो. इक्वासिस या मोफत संकेतस्थळावर नाव नोंदवून तो नंबर टाकला की मालक कोण, बोट किती जुनी, किती वेळा अडकवून ठेवली होती, हे दिसतं. पत्रात बोटीचं नावच नसेल, नुसतं "बल्क कॅरियर, दुबई" असेल, तर ते पत्र नाही.

नोकरीचा करार सही करण्याआधी शांतपणे वाचायला मिळणं हा तुमचा हक्क आहे. पगार, कराराची मुदत, घरी परत आणण्याचा खर्च कोणाचा, आजारपणात काय, एवढं तरी वाचाच आणि एक प्रत घरी ठेवून निघा. परवानाधारक कंपनी तुमच्या जॉइनिंगची नोंद सरकारी प्रणालीत करते. निघण्याआधी आपल्या प्रोफाइलवर ती आली आहे का पाहा.

टुरिस्ट व्हिसावर दुबई किंवा इराणला जा, तिथून बोटीवर चढवतो, असं कुणी म्हणालं तर विषय तिथेच संपवा. अशा वाटेने गेलेली मुलं बिनपगारी महिनोन्महिने बोटीवर अडकली आहेत, काही परक्या तुरुंगात पोचली आहेत. भारतातल्या कुठल्याच कंपनीवर त्यांची जबाबदारी नसते आणि त्या नोकरीचा सी टाइमही धरला जाईल याची खात्री नसते.

बोटीवर चढल्यावर

कॅडेटने ट्रेनिंग रेकॉर्ड बुक रोजच्या रोज भरावं आणि अधिकाऱ्याची सही त्या त्या आठवड्यात घ्यावी. सहा महिन्यांच्या सह्या साइन ऑफच्या आदल्या रात्री गोळा केलेल्या असल्या की तोंडी परीक्षेला बसलेल्या परीक्षकाला ते दोन प्रश्नांत कळतं. रेटिंगसाठी पहिलं ध्येय वॉचकीपिंग, म्हणजे पहाऱ्याची पाळी करण्याचं सर्टिफिकेट, मग पुरेसा सी टाइम झाला की एबी, म्हणजे वरच्या दर्जाचा खलाशी. अटी पूर्ण करून पुढे अधिकाऱ्याच्या परीक्षेपर्यंतही जाता येतं. वाट लांबची आहे, पण त्या वाटेने गेलेले लोक आहेत.

विश्रांतीचा नियमही पाठ असू द्या: चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास. खोट्या विश्रांतीच्या तक्त्यावर सही करायला सांगतात, तेव्हा स्वतःच्या वहीत खरे तास टिपून ठेवा.

सीओसी आणि तिचं नूतनीकरण

सीओसी म्हणजे अधिकाऱ्याचं लायकीचं सर्टिफिकेट. सी टाइम पूर्ण झाल्यावर एमएमडीकडे मूल्यमापन होतं, मग लेखी आणि तोंडी परीक्षा. डेकवाल्यांची पहिली पायरी सेकंड मेट, इंजिनवाल्यांची एमईओ क्लास फोर. डेकवाल्यांना रेडिओचं जीएमडीएसएस सर्टिफिकेटही लागतं. सी टाइमचे कागद कुणाकडून "बनवून" घेतले तर मिळालेली सीओसीही रद्द होते आणि फौजदारी मागे लागते ती वेगळीच.

सीओसी पाच वर्षं चालते. नूतनीकरणासाठी त्या पाच वर्षांत १२ महिने किंवा शेवटच्या सहा महिन्यांत तीन महिने सी टाइम असावा लागतो. पीएसटी आणि एफपीएफएफची उजळणीही दर पाच वर्षांनी करावी लागते. किनाऱ्यावर लांब सुट्टी घेणाऱ्यांनी या तारखा आधीच लिहून ठेवाव्यात.

फसवणूक झालीच तर

लाजेपोटी गप्प बसू नका. परवानाधारक कंपनीने पैसे घेतले असतील तर तक्रार डीजी शिपिंगकडे करा; या कंपन्यांची बँक गॅरंटी सरकारकडे असते आणि परवाना जाण्याची भीती त्यांना खरी असते. परवानाच नसेल तर पोलिसांत एफआयआर आणि त्याची प्रत डीजी शिपिंगला. मुलगा परदेशात अडकला असेल तर त्या देशातला भारतीय दूतावास, डीजी शिपिंग आणि नुसीसारखी खलाशांची युनियन यांना एकाच दिवशी कळवा. सोबत बोटीचा आयएमओ नंबर, बंदराचं नाव, मुलाचा इंडॉस नंबर, कराराची प्रत आणि एजंटाला पैसे दिल्याचे पुरावे जोडा. पैसे रोखीत मागितले जातात ते हा पुरावा राहू नये म्हणूनच, तेव्हा व्हॉट्सअॅपचे संदेश आणि फोनच्या नोंदी पुसू नका.